बिदागीच्या मामी

लग्नघरात पाऊल टाकलं की मामी नवरीला भेटायच्या आधी चुलाणाकडे जायच्या. बाकीच्या बायका नवरीला कोणकोणते दागिने आले हे बघायला माजघरात शिरत. मामी परसातल्या धुरात उभ्या राहून आचाऱ्याला विचारत, "चहा मिळाला का हो तुम्हाला? नाव काय तुमचं?" एकदा कळलेलं नाव त्या विसरत नसत. चार वर्षांनी सातारच्या बाजारात तोच माणूस दिसला, तरी त्याला नावानं हाक मारून "मुलगी कशी आहे?" विचारत. मामा पिशव्या घेऊन उन्हात ताटकळत.

मामा वाईच्या शाळेत मास्तर. आमचं घर त्यांच्या शेजारच्याच आळीत, त्यामुळं मी मामींच्या हाताखालीच वाढले. वाई-साताऱ्याच्या नातलगांत कुणाचंही लग्न असलं, की वाजंत्री, आचारी, न्हावी, कासारीण, पाणके यांना काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कसं द्यायचं, ते मामी बघत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. त्या आपण होऊनच ते काम अंगावर घेत. त्यावरून सगळे त्यांना 'बिदागीच्या मामी' म्हणत. म्हणताना निम्मे हसत आणि निम्मे धास्तावलेले असत. हात आखडता असलेल्या एक-दोन घरांत तर मामींना आमंत्रण द्यावं की नाही यावर खल होई.

"ठरलेलं ते त्यांचं, वरचं ते आपलं," असं त्या म्हणत. ठरलेले पैसे दिले यात आपण काही विशेष केलं नाही, तो त्यांच्या कामाचा मोबदला. त्यावर जे द्यायचं ते आपल्याला आनंद झाला म्हणून, तेव्हा ते आनंदानं दिसलं पाहिजे. तबकात विडा, सुपारी, नारळ आणि त्यावर पैसे ठेवून, समोर उभं राहून, नाव घेऊन द्यायचं. आणि जेवायच्या आधी कधी नाही. "उपाशी माणसाच्या हातावर पैसे टेकवले म्हणजे त्याला 'निघा आता' म्हटल्यासारखं होतं," हे त्यांचं म्हणणं. कुणाला मागायची वेळ आली तर त्या दिवशी मामींचं जेवणात लक्ष लागत नसे.

साताऱ्याच्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी आचाऱ्याला ओटीवर बोलावून चारचौघांत सांगितलं, "मठ्ठ्यात मीठ कमी होतं तुमच्या." म्हणजे आता वर काही मागू नका. मामी आतून म्हणाल्या, "अहो भाऊजी, मीठ कमी होतं तर पंगतीत मागायचं. तीन वाट्या मठ्ठा प्यायलात तेव्हा काही बोलला नाहीत. आत्ता खिशाकडं हात न्यायची वेळ आली तेव्हा मीठ आठवलं होय?" ओटीवर जी हसाहस झाली, तिच्यात भाऊजींना खिशात हात घालावाच लागला.

लढाईचे दिवस होते. साखर कंट्रोलची, कापड कंट्रोलचं. मामांनी दोन तास रांगेत उभं राहून एक धोतरजोडी मिळवली होती. त्याच आठवड्यात आळीत एक लग्न झालं, आणि न्हाव्याला धोतराचा मान द्यायला यजमानांकडे धोतर नव्हतं. मामा अंघोळ करून आले तर खुंटीवर एकच धोतर.

"दुसरं कुठं गेलं?"

"जोडी म्हणजे दोन ना? एक तुमचं, एक त्यांचं."

मामांनी खुंटीवरचं उरलेलं धोतर काढून घेतलं. मग म्हणाले, "बरं. पुढच्या लग्नात मला देऊन टाकू नकोस म्हणजे झालं." हे ते पुढं कितीतरी वर्षं सांगत आणि सांगताना स्वतःच हसत.

याच दिवसांत माझं लग्न ठरलं. मुलगा सांगलीचा, घरची हळदीची अडत. वरपक्ष वाईला आला आणि घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरला. मुहूर्त सकाळचा होता. मी बोहल्यावर जायच्या तयारीनं आत बसले होते, मामी माझ्या मुंडावळ्या बांधत होत्या आणि नवऱ्या मुलाची मिरवणूक घोड्यावरून मांडवाकडं निघाली होती. सनईचा आवाज जवळ येत होता. आणि एकाएकी तो थांबला.

आम्ही वाट बघितली. कोपऱ्यावर वळताना थांबले असतील, असं आई म्हणाली. पण आवाज येईना. बाहेर भटजींनी मुहूर्ताची वेळ मोजायला पाण्यात घटिकापात्र सोडलं होतं, ते निम्मं भरलं होतं. तेवढ्यात माझा भाऊ पळत आला. "सनईवाला वाजवत नाही म्हणतो! वरपक्ष भडकलाय!" मामींनी माझ्या मुंडावळीची शेवटची गाठ मारली, विड्याचं तबक उचललं आणि तशाच अनवाणी बाहेर पडल्या.

पुढचं मला घोड्यावर बसलेल्या माणसानंच नंतर सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मी ते डोळ्यांनी पाहिल्यासारखंच झालं आहे. माझ्या चुलतसासऱ्यांना सगळे तात्यासाहेब म्हणत. जरीचा फेटा, भरदार मिशा, घरातले थोरले. मिरवणूक रंगात आली तेव्हा त्यांनी मूठभर नाणी काढली आणि सनईवाल्याच्या पायाशी फेकली. "हं, वाजव! सांगलीची माणसं आलीत!" सनईवाले धोंडीराम म्हातारे होते, पंचक्रोशीत त्यांच्या सनईशिवाय लग्न लागत नसे. त्यांनी सनई ओठांवरून काढली आणि शांतपणे फडक्यात गुंडाळायला घेतली.

"का रे, कमी पडले का?" तात्यासाहेब ओरडले.

"पैशाचं काय न्हाई जी," धोंडीराम म्हणाले. "पर आमी वाजवायचं का मातीतलं पैसं येचायचं? हात दोनच हायती."

"एवढा माज?" म्हणत तात्यासाहेबांनी घोड्याचा लगाम धरला. माणसं दोन्हीकडून बोलू लागली. तेवढ्यात मामी पोचल्या. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. तबक एकाच्या हातात दिलं, पदर खोचला आणि रस्त्यात खाली बसून नाणी वेचू लागल्या. नवरीची मामी धुळीत बसलेली बघून गलका एकदम बंद झाला. मग आणखी दोघं-तिघं वाकले. मामींनी नाणी पदरानं पुसली, तबकात विड्यावर ठेवली आणि ते तबक तात्यासाहेबांपुढं धरलं.

"गर्दीत तुमच्या हातून पडले वाटतं," त्या म्हणाल्या. "होतं असं. आता द्या." आणि आवाज अगदी खाली आणून, "धोंडीराम नाव त्यांचं."

घोड्यावरचा माणूस सांगतो की तात्यासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी घसा खाकरला. एकदा तबकाकडं बघितलं, एकदा मामींच्या धुळीनं भरलेल्या हातांकडं. शेवटी तबक घेतलं आणि म्हणाले, "धोंडीराम, घ्या. गर्दीत पडले."

धोंडीरामांनी दोन्ही हातांनी विडा घेतला, नाणी कपाळाला लावली. "आता ऐका, मालक," म्हणाले आणि सनई फडक्यातून सोडून ओठांना लावली. तिथून मांडवापर्यंत ते असे वाजवत आले, की माझे वडील दारात उभे राहून डोळे पुसत होते. घटिकापात्र बुडालं तेव्हा मी अंतरपाटाच्या अलीकडं होते आणि पलीकडून घोड्याचा वास येत होता.

त्या काळी वाजंत्र्यांची पानं मांडवाबाहेर आणि सगळ्यांच्या शेवटी पडत. मामींना ते बदलता आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलं नाही. तेव्हा त्या वाढप्यांना म्हणाल्या, "बाहेर बसवता ते बसवता, निदान त्यांना गार तरी वाढू नका." आणि पहिल्या पंगतीच्या आधी, कढईतून काढलेली गरम जिलबी त्यांनी स्वतः बाहेर नेली. मी निघाले तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि मामी कासारणीच्या मुलीसाठी खण शोधत होत्या. "थांब गं, आलेच," असं म्हणाल्या आणि खरंच धावत आल्या. मोटार सुरू झाल्यावर खिडकीतून माझे गाल दोन्ही हातांनी धरले. त्यांचे हात वेलदोड्याच्या वासाचे होते.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "मामी, हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?" त्या हसल्या. "शिकवायचंय काय त्यात? मला घेणाऱ्याचा चेहरा बघायला आवडतो. लग्नात बघण्यासारखं दुसरं असतं काय? नवरा-नवरी तर खाली मान घालून बसतात."

पाच-सहा वर्षांनी एका पावसाळ्यात मामांचं पत्र आलं, की मामी गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि गेल्या. माझा धाकटा मुलगा महिन्याचा होता, कृष्णेला पूर आलेला, मला जाता येईना. मी स्वयंपाकघरात बसून रडत होते. तात्यासाहेब दुकानातून आले, उंबऱ्याशी थबकले. सुनेपुढं बसून बोलायचा त्यांचा रिवाज नव्हता. पण त्या दिवशी ते पाटावर बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मिरवणुकीत त्या मला एक शब्द जरी बोलल्या असत्या ना, तर मी घोडा फिरवला असता. मुलगा घेऊन सरळ सांगलीला परत आलो असतो. लगाम माझ्या हातात होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

मी डोळे पुसले. पाळण्यात मुलगा जागा झाला, रडू लागला. तात्यासाहेबांनी उठून पाळण्याला झोका दिला. दुसऱ्या दिवशी पूर थोडा उतरला, तेव्हा ते पहिल्या मोटारीनं वाईला गेले आणि तेराव्यापर्यंत मामांजवळ राहिले.