पाहुणा आचारी आणि पाण्याचे जग

मुलांनो, स्तुतीवर इतका अविश्वास असलेला माणूस मी पंचाहत्तर वर्षांत दुसरा पाहिला नाही. कराडजवळ शेतात माझ्या पुतण्याने, म्हणजे तुमच्या काकाने हॉटेल काढलं, तिथं हा आचारी दर महिन्याला चार दिवस पाहुणा म्हणून स्वयंपाकाला येई. उरलेला महिना साताऱ्यापासून मिरजेपर्यंत दुसऱ्यांच्या चुली. एसटीतून उतरताना कपडे पिशवीत कोंबलेले असत आणि कुलूप लावलेल्या चांगल्या बॅगेत पंच्यात गुंडाळलेले झारे नि पळ्या. गॅस त्याला चालत नसे. "त्याचा जाळ मुका असतोय, काकी," म्हणे. त्याच्या अख्ख्या मसुराची कृती तुमच्यासाठी चमच्यांच्या मापाने लिहून घ्यायला मी बसले, तर माझ्या वहीकडे तो असा पाहू लागला, जणू मी त्याची पोलिसात तक्रार लिहिते आहे.

आपल्याकडे पानावर बसून अन्नाला नाव ठेवत नाहीत. आचाऱ्याने विचारलं की कोणी भिडेने, कोणी सवयीने "झकास" म्हणतं. हा ते कानावरच घेत नसे. "झकास तर एसटीचा हॉर्नबी असतोय," म्हणायचा आणि पंगत उठली की टेबलांवरचे पाण्याचे जग तपासायचा. जग रिकामे, म्हणजे मीठ जास्त. त्याचा विश्वास तेवढ्यावरच.

गेल्या हिवाळ्यात तो तापातून उठून आला, निम्मा होऊन. पहिल्याच सकाळी मला चुलीपाशी बोलावलं. "वास गेलाय, काकी. चवबी. कोथिंबीर नि गवत सारखंच लागतंय. कुणाला सांगू नका, न्हाईतर मला कोण बोलवंल? तुमी चाखा आनि खरं सांगा. तुमाला मापाची सवय हाय." तीन दिवस मी चमचा घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. मीठ कमी, आंबट पुरे, तिखट थांबव. पेपर तपासावेत तशी चाखत होते, आणि खरं सांगते, मला ते आवडूही लागलं होतं.

रविवारी पाहुणे येऊन बसले होते. मसुरात दोनदा मीठ पडलं होतं; जिभेला लागताच कळलं. तेवढ्यात तुमचा काका दारात आला. "काय काकी, जमलंय का? आचारी लय थकल्यागत दिसतोय. फुडच्या महिन्यात दुसरा बघू का?" हे त्याच्या देखतच. आचारी हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला.

मी म्हणाले, "उत्तम झालंय."

पाहुणेही झकास म्हणाले. नंतर तो टेबलांमधून फिरला. सगळे जग कोरडे होते. "आवं काकी, तुमीबी?" एवढंच बोलला. तुझं काम वाचावं म्हणून म्हटलं, हे सांगायला मी मागे गेले, तोवर तो बॅगेला कुलूप लावत होता. तुमच्या काकाला काहीच कळलं नव्हतं. त्याने पुढे दोनदा बोलावलं. "आता कुणाकडंच जात न्हाई," असं उत्तर आलं. वडूजला मुलीकडे असतो म्हणे.

मागच्या आठवड्यात धीर करून फोन केला. माफी मागायला लागले, तर त्याने मध्येच तोडलं. "ते ऱ्हाऊ द्या. आज काय जेवलासा?"

मी सांगितलं. मेथी कडू होती, भाकरी कडेला कच्ची, लसूण करपलेला.

"तांबूस का काळा?"

"काळा."

मग तो हळूच म्हणाला, "आनि ताक? ताकाचं सांगा की. सावकाश सांगा."