मावशीसाठी लिहिलेली क्वेरी

आईची धाकटी बहीण, माझी मावशी, अकोल्यात शाळेत शिकवते. आजी-आजोबांचं करता करता तिचं लग्न राहूनच गेलं. ते दोघं गेल्यावर घर तिला खायला उठायचं. एक दिवस तिने मला अमरावतीला फोन केला.

"तू त कॉम्प्युटरवाली हायेस. माह्यासाठी पाह्यनं जरा कोनी. आता एकटीले नाई करमत."

हे बोलायला तिला किती धीर लागला असेल! मी लगेच कामाला लागले.

वधू-वर सूचक साइटवरची सगळी पानं एकाच साच्यातली असतात: वय, गाव, शिक्षण, व्यसन, अपेक्षा. म्हणजे हे मुळात एक टेबलच, फक्त पानापानांत वाटलेलं. मी तीन साइटवरची पानं उचलून एका टेबलात आणली. एकच गृहस्थ तीन साइटवर तीन वेगवेगळ्या वयांचे निघाले, त्यांना आधी काढलं. मग मावशीला अटी विचारल्या.

"खर्रा खानारा नको. नोकरी सोडाले लावनारा नको. आन मदातच माहं बोलनं तोडनारा नको."

तंबाखू-सुपारीचा खर्रा व्यसनाच्या रकान्यात बसला, पण तिसऱ्या अटीसाठी कुठल्याच साइटवर रकाना नव्हता.

"पण पाहिजे कसा?"

"ते राहू दे," ती म्हणाली. साइटवर मी तिचंही पान केलं आणि अपेक्षांचा रकाना तसाच कोरा ठेवला.

व्यसन 'नाही' अशी अट लावून क्वेरी, म्हणजे टेबलाला विचारायचा प्रश्न, चालवली. जी नावं आली त्यांना मावशीने स्वतः फोन केले. संध्याकाळी तिचा फोन, नुसता संताप.

"अवं, 'नाही' लिवलं आन तोंडात खर्रा कोंबून बोलून राह्यला माह्यासंग!"

मी पोट धरून हसले, पण बाकीच्यांशीही काही जमलं नव्हतं, यादी संपली होती आणि मावशी म्हणाली, "जाऊ दे, बंद कर." ते मला लागलं. मी परत क्वेरी पाहिली. डेटाबेसच्या लेखी कोरा रकाना म्हणजे 'आहे' नाही आणि 'नाही'ही नाही. अशी अट लावली की रकाना कोरा सोडणारी माणसं गुपचूप गळतात. मी कोरे रकाने वेगळे मागवले. त्यात परतवाड्याचे एक निवृत्त एसटी मेकॅनिक होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

मावशीने पहिल्याच फोनवर त्यांना झापलं, "व्यसनाचं कावून नाई लिवलं?"

"खर्रा सोडला जी. पन 'नाही' लिवाची हिंमत नाई झाली. इतकी वर्सं खाल्ला."

मग त्यांनी विचारलं, "तुमी अपेक्षा कावून नाई लिवल्या?"

"मले कोनी कदी इचारलंच नाई," मावशी म्हणाली, आणि मग सांगूनच टाकलं, "शाळेतून येतानी फाटकाजवळ कोनी वाट पाह्यत असावं, बस."

बोलताना त्यांनी तिला मध्ये तोडलं नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं.

लग्नानंतर ते, आता माझे काका, अकोल्यालाच राहायला आले. परवा संध्याकाळी मी मावशीच्या मोबाइलवर फोन केला, तर तो ती घरीच विसरलेली. काकांनी उचलला.

"थांब वो बाई," ते म्हणाले, "मी फाटकाजवळच उभा हावो. ते पाह्य, कोपऱ्यावरून येऊन राह्यली."