सरळ केलेला अ‍ॅक्सल

एका इंग्रज साहेबाची गाडी आमच्या शारजाच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा तिचं मागचं अंग एका बाजूला इतकं झुकलं होतं की आतली भांडी त्या बाजूच्या भिंतीला जाऊन टेकली होती. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. जीपच्या मागे जोडून ओढायचं. आत दोन पलंग, स्टोव्हची जागा, खिडक्यांना पडदे. वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकूड. साहेब म्हणाला, ही युद्धाच्या आधी बनलेली, माझ्या वडिलांची. साहेब स्वतः विहिरींचं पाणी मोजायचा आणि बायकोला घेऊन त्या घरातच राहायचा. शारजापासून रास अल खैमापर्यंत तेव्हा डांबराचा पत्ता नव्हता. ओहोटी बघून समुद्राच्या कडेने जायचं, नाहीतर खारट दलदलीच्या सुकलेल्या पापुद्र्यावरून. त्या खाराने खालचं लोखंड खाल्लं होतं. स्प्रिंगचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, एक तुटला होता, आणि साहेबाने तिथे लाकडाचं पाचर ठोकून वर दोर गुंडाळला होता.

चाचा खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, ये गाडी इधर तक आयी कैसे?"

साहेब लढाईच्या काळात देवळालीला होता, त्याला मोडकंतोडकं हिंदुस्तानी यायचं. तो म्हणाला, "आहिस्ता आहिस्ता."

चाचा म्हणजे आमच्या वर्कशॉपचे उस्ताद. मुरूडकडचे. सख्खे चाचा नव्हेत, पण मी मुंबईहून लाँचने आलो तेव्हा किनाऱ्यावर माझी रत्नागिरीकडची बोली ऐकून ते थांबले होते, आणि तेवढ्या ओळखीवर मला घेऊन गेले होते. पहिल्याच महिन्यात मला ताप भरला. अकरा दिवस मी त्यांच्या खाटेवर होतो आणि ते जमिनीवर. हे मी आज लिहितोय, पण तेव्हा त्यांच्यापुढे कधी बोललो नाही. त्यांच्यासमोर बसलो की मला सारखं वाटायचं, हे एवढं करतायत, आणि मी यांना पहिल्याच दिवशी खोटं सांगितलंय.

त्यांनी विचारलं होतं, "कुठे काम केलंस?" मी म्हटलं होतं, "मुंबईत. लॉरीच्या गॅरेजात."

मी मुंबईत लाँचची वाट बघत काढलेले सतरा दिवस सोडले तर राहिलोच नव्हतो. सहावीत शाळा सुटली आणि मी गावाजवळच्या एका बैलगाड्या बनवणाऱ्याकडे लागलो. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायची, दोन चाकांमधला कणा घडवायचा, भाता मारायचा. आठ वर्षं तेच. हात कामाला सरावलेले होते, त्यामुळे खोटं दोन महिने निभलं. पण प्रत्येक नवं काम आलं की मनात तेच. आज उघडं पडणार, आज उघडं पडणार.

चाचांनी ठरवलं, अ‍ॅक्सल आणि दोन्हीकडच्या स्प्रिंगा नव्या घालायच्या. विमानतळाजवळ फौजेच्या भंगाराचा ढीग होता, तिथून ते मापाचा एक अ‍ॅक्सल घेऊन आले. पाटे मात्र दुबईच्या एका इराणी लोहाराकडून करवून घ्यायचे होते. जुना शाबूत पाटा नमुना म्हणून फडक्यात गुंडाळून ते निघाले. खाडीपलीकडे अब्ऱ्याने, म्हणजे होडीने जायचं, लोहाराच्या उरावर बसून काम करून घ्यायचं, म्हणजे दोन दिवस तरी जाणार.

"खालचं सगळं मोकळं कर," ते म्हणाले. "नवा अ‍ॅक्सल घासून रंग मारून ठेव. बाकी शहाणपणा नको."

"नाही चाचा."

मी सगळं मोकळं केलं. यू-बोल्ट गंजाने इतके बसले होते की दोन छिन्नीने तोडावे लागले. मग नवा अ‍ॅक्सल घासायला घेतला, आणि जुनी सवय, त्याला दोरा लावून बघितला. बैलगाडीचा कणा हातात आला की आम्ही आधी दोरा ताणायचो, दोन्ही टोकांना धरून. कणा दोऱ्याला सोडून गेला की तो बाद. या अ‍ॅक्सलच्या खालच्या अंगाला दोरा धरला, तर मधोमध बोटाच्या पेराएवढी फट.

मी पुन्हा धरला. दोरा बदलून धरला. फट तेवढीच.

माझं डोकंच फिरलं. चाचांना भंगारवाल्याने वाकडा माल दिला! चाचा परत येणार, साहेबासमोर अ‍ॅक्सल चढवणार, आणि त्यांची शोभा होणार. दुपारभर मी त्या लोखंडाभोवती फिरत होतो. जेवण गेलं नाही. थांबावं, त्यांना दाखवावं, असं एकदा वाटलं. पण मग वाटलं, मला येतंय ना हे काम? सबंध वर्कशॉपमध्ये हे एकच काम असं होतं जे मला खरोखर येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली. मधला भाग लाल केला, ऐरणीवर घेतला, घणाने हळूहळू बसवला. दोरा लावला, तापवला, परत लावला. दोरा टोकापासून टोकापर्यंत चिकटून बसला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. मग काळा रंग मारला. तापवल्याची खूण राहिली नाही.

चाचा तिसऱ्या दिवशी नव्या स्प्रिंगा घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून त्या चढवल्या, अ‍ॅक्सल बसवला, नवे यू-बोल्ट आवळले, चाकं घातली, जॅक काढला. रिकामी गाडी अशी उभी राहिली की बघत राहावं. दोन्ही चाकं ओळंब्यात. चाचा चालत तिच्याभोवती फिरले. "चाकं जरा जास्तच सरळ वाटतात," असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, "नवी आहे ना चाचा." ते हात धुवायला गेले. बोलायचं होतं तेव्हा मी बोललो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब आणि मेमसाहेब सामान घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला निघायचं म्हणून सगळं आदल्या दिवशीच भरायचं होतं. पाण्याचे डबे, टिनच्या पेट्या, नकाशांच्या गुंडाळ्या, शिवणयंत्र, पिठाची गोणी. मी आणून द्यायचो, मेमसाहेब आत लावायची. चाचा दुपारच्या, जुहरच्या नमाजाला गेले होते. पिठाची गोणी आत टाकून मी मागे सरलो आणि सहज खाली पाहिलं.

चाकं वरच्या अंगाने आत झुकली होती. दोन्ही. तान्ह्या वासराने पाय फाकून उभं राहावं तशी.

"खलास?" साहेबाने विचारलं.

"खलास, साहेब," मी म्हणालो.

मग मला एका जागी थांबता येईना. पाणी प्यालो. हत्यारं पुसली. पुसलेली परत पुसली. शेवटी भिंतीकडे टाकलेला जुना गंजका अ‍ॅक्सल ओढून काढला आणि त्याला दोरा लावला. दोरा खोटं बोलत नव्हता. मधोमध बोटाच्या पेराएवढी फट. तेवढीच. त्याच बाजूला. युद्धाआधी विलायतेत कुणीतरी हा अ‍ॅक्सल मुद्दाम असा मधे वर उचलून बनवला होता, आणि फौजेचा तोही तसाच. वजन पडल्यावर तो सरळ व्हायचा. मी तो वजन नसतानाच सरळ केला होता, तर वजनाखाली दुसरीकडे वाकणारच.

अशा गाडीत ती दोघं दलदलीतून जाणार होती. टायर आतल्या कडेने झिजणार, बेअरिंग तापणार, आणि मधे कुठेतरी, जिथे माणूस नाही, लोखंड तापवल्या जागी तुटलं तर? मी न बोलता राहू शकलो असतो. पहाटे गाडी निघून गेली असती. महिनाभर तरी कुणाला कळलं नसतं.

चाचा नमाजाहून आले, चपला काढत होते.

"चाचा, अ‍ॅक्सल मी तापवला."

"काय?"

"वाकडा होता. म्हणजे मला वाटलं वाकडा आहे. मी सरळ केला."

ते एक चप्पल हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग गाडीजवळ गेले, उकिडवे बसले, चाकांकडे बघितलं.

"मला का नाही विचारलंस?"

"वाटलं, भंगारवाल्याने तुम्हाला फसवलं. साहेबासमोर तुमची..."

"म्हणजे माझी चूक झाकायला गेलास तू!" त्यांचा आवाज चढला. "लॉरीच्या गॅरेजात हेच शिकवलं तुला? अ‍ॅक्सल तापवायचा?"

"मी लॉरीच्या गॅरेजात कधी नव्हतो."

"मग कुठे होतास?"

"बैलगाड्या बनवायचो."

"बैलगाड्या." ते उठले. "अरे, या रेतीत तुझ्यासाठी बैल कुठून आणू मी आता?"

मेमसाहेब दारातून डोकावून बघत होती. चाचांनी मला ढकललं. "जा. साहेबाला तूच सांग. आणि सामान तूच उतरव."

मी सांगितलं. हिंदीत जेवढं जमलं तेवढं. साहेब लाल झाला, इंग्रजीत काहीतरी मोठ्याने बोलला, जीपच्या बोनेटवर हात आपटला. मेमसाहेब एका पेटीवर बसली आणि त्याला काहीतरी शांतपणे म्हणाली. साहेबाने मला त्याचा अर्थ सांगितला, अजून रागातच: "मेमसाब बोलती है, इधर मालूम पडा, उधर नहीं. अच्छा हुआ." मग चाचांकडे वळून, "कितने दिन?"

"दो दिन, इन्शाल्ला."

ते दोन दिवस मला आठवले की अजून बसल्या जागी पाय हलायला लागतो. शनिवारी मुंबईला लाँच सुटणार होती. त्यातून मला परत पाठवतील अशी माझी खात्रीच होती, कारण चाचा त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते. मी माझं गाठोडं बांधलं, सोडलं, परत बांधलं. ते भंगारात जाऊन दुसरा अ‍ॅक्सल घेऊन आले आणि माझ्यापुढे टाकून म्हणाले, "लाव तुझा दोरा." मी लावला. फट होती. "किती?" मी बोट दाखवलं. "आता याला भट्टीच्या जवळसुद्धा नेऊ नकोस." यापलीकडे काही नाही. जेवायला समोरासमोर बसायचो, ते माझ्या ताटात मासळी वाढायचे.

नवा अ‍ॅक्सल बसला. रिकाम्या गाडीची चाकं या वेळी वरून किंचित बाहेर झुकलेली होती, बघायला विचित्र. मग मी एकट्याने सगळं सामान परत भरलं, शिवणयंत्रापासून पिठापर्यंत, आणि प्रत्येक पेटीनंतर खाली वाकून बघत होतो. शेवटचा पाण्याचा डबा आत गेला आणि चाकं उभी राहिली. चाचांनी साहेबाला हाताने खूण केली. "यल्ला."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. मला वाटलं, आता परत जायला सांगतील.

ते म्हणाले, "आता सरळ सांग. तुला काय काय येत नाही?"

मी खाली पडलेला पाना उचलायला वाकलो.

"बोल की. मोजून घेऊ एकदाच."

मग मी सांगायला लागलो. वेल्डिंग येत नाही. ब्रेक कधी उघडले नाहीत. गिअरबॉक्स आतून बघितलाच नाही. इंजिनाचा आवाज ऐकून तुम्ही सांगता तसं मला काहीच कळत नाही, मी नुसती मान हलवतो. इंग्रजी अंक वाचता येतात, अक्षरं नाहीत, पान्यावर लिहिलेलं वाचल्यासारखं करतो. सांगत गेलो तसं मला थांबवेना.

चाचा ऐकत होते आणि चिंधीने हातावरचं ग्रीस पुसत होते.

"झालं?"

"झालं."

"एवढं येत नाही आणि दोन महिने माझ्या गाड्या दुरुस्त करत होतास. अल्लाची मेहेरबानी, अजून कुणी मेलं नाही." मग चिंधी माझ्या खांद्यावर टाकून म्हणाले, "शनिवारी मोठी लॉरी येतेय. ब्रेकपासून सुरू करू. आणि मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही, काय?"

"नाही चाचा."

"हे तू मागेही म्हणाला होतास."

शनिवारी लाँच कधी सुटली मला कळलंही नाही. मी लॉरीखाली उताणा पडलो होतो, चाचा वरून विचारत होते, "काय दिसतं?" आणि मी जे दिसत होतं तेवढंच सांगत होतो.