मीटबॉल, ग्रेव्ही आणि माझी मराठी

शॉमबर्गकर मैत्रिणींनो, अजून कान गरम आहेत, म्हणून लिहून टाकते.

आमच्या शेजारच्या मिस कॅरन अमेरिकन, पण मूळच्या स्वीडिश घरातल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. आज त्या आमच्याकडे त्यांच्या आईच्या पद्धतीचे मीटबॉल शिकवायला आल्या. आम्ही बीफ-पोर्क खात नाही म्हणून स्वतःहून चिकनचा खिमा घेऊन आल्या.

मीटबॉल लोण्यात परतून झाले. त्याच पॅनमध्ये मैदा, स्टॉक, क्रीम घालून त्या ग्रेव्ही ढवळत होत्या. मी चव घेतली, गोड हसले आणि नवऱ्याला बिनधास्त मराठीत म्हणाले, "अरे, हे तर आजारी माणसाचं जेवण. त्या गेल्या की फोडणी देऊ."

आमची सहा वर्षांची इरा तिथेच होती. "मिस कॅरन, मॉम सेज धिस इज फूड फॉर सिक पीपल!"

कुठे तोंड लपवू असं झालं. त्यांचा चमचा थांबला.

"तुमच्याकडे आजारी माणसाला काय देतात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मऊ भात, तूप," मी पुटपुटले.

"कोण देतं?"

"आई."

"मलाही हे आईच द्यायची," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ढवळायला लागल्या.

मी सॉरी म्हटलं, फोडणी अर्थातच दिली नाही. इराने दोनदा मागून खाल्लं.

समोरच्याला कळत नाही म्हणून आपण मराठीत काय काय बोलतो, यार! आणि इराला मराठी नीट कळावी म्हणून दर रविवारी मराठी शाळेत ड्राइव्ह करून नेते कोण? मीच.