वीट लावून ठेवलेलं दार

अन्याय झाला तो सुमन दिघे यांच्यावर. भैरवगढच्या सुमनकाकू, कापडावर ठप्पे मारून चादरी-साड्या छापणाऱ्या एका शेडच्या मालकीण. कधी? गेल्या वर्षी, ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, उज्जैनचा टावर चौक माणसांनी भरलेला असताना. आणि केला कोणी? मी. पत्रक लिहिताना आरोपी पहिल्या चार ओळींत यायलाच पाहिजे, असं मला शिकवलंय. तर या वेळची आरोपी ही.

या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतले पैंजण... खाली "पुरावा द्या" अशी कमेंट टाकणारी मीच. आणि आमच्या चर्चमधल्या "प्रभू माझ्याशी बोलला" वाल्या मंडळींचा तर मला त्याहून राग. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पप्पा रेल्वेत होते म्हणून उज्जैन, माधव नगरात घर. मी चर्चला जाते, प्रार्थना करते. पण एका बाईंना प्रभूने म्हणे स्कूटीचा रंग सांगितला! डोकं फिरायचं माझं. इथे नाल्यातून रंगाचं पाणी वाहतंय, हातपंपाला लाल पाणी येतंय, आणि प्रभू काय स्कूटीचे रंग निवडत बसलाय?

त्या लाल पाण्यावरच आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपचं आंदोलन होतं. मी भैरवगढला जाऊन फोटो काढले होते. सुमनकाकूंच्या शेडच्या मागच्या भिंतीखालून एक पाइप बाहेर येतो आणि त्यातून भडक लाल पाणी नाल्यात पडतं. भिंत त्यांची, म्हणजे पाइप त्यांचा. पत्रक मी लिहिलं. नाव ठळक अक्षरांत, खाली पाइपचा फोटो. छापूनही आलं.

शनिवारी सकाळी घरी प्रार्थना झाली. पप्पांचा एक नियम आहे — आमेन झालं की लगेच उठायचं नाही. "आपण बोललो ना, आता जरा त्याला बोलू द्या." मग सगळे डोळे मिटून गप्प. नंतर ज्याला जे सुचलं ते त्याने मोठ्याने सांगायचं. मी त्या वेळात भाषणाचे मुद्दे जुळवते. लहानपणापासूनची लबाडी, दुसरं काही नाही.

त्या दिवशीही चौकात काय बोलायचं तेच मनात घोकत होते... आणि मधेच आलं —

तिला जाऊन विचार.

आवाज नव्हता. कानांनी काही ऐकलं नाही मी. पण तो माझा विचारही नव्हता, कारण माझे विचार मला माहीत आहेत, ते कायम घोषणा देत असतात. हे अगदी साधं होतं, घरातल्या कोणी पाणी आण म्हणावं तसं. आणि त्याबरोबर एक दार दिसलं. निळं, सताड उघडं. लागू नये म्हणून खाली वीट टेकवलेली. विटेच्या एका बाजूला पिवळा रंग सांडलेला.

नियम म्हणून मी ते बोलून टाकलं. दार, वीट, पिवळा रंग, सगळं.

"कोणाला विचारायचं?" पप्पांनी विचारलं.

"त्या भैरवगढवाल्या दिघेंना असेल."

"मग जा ना. लांब आहे का भैरवगढ?"

"पप्पा, पत्रक छापून आलंय. आज वाटायचंय!"

"म्हणून तर आज सांगितलं."

आता यापुढे मी जे केलं ते आमच्यातलाच माणूस करू शकतो. आमच्याकडे वचनपेटी असते. छोटासा डबा, आत चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन. सकाळी एक काढायची आणि दिवसभर मनात ठेवायची. मी डबा ओढला. म्हटलं, बघूया तर खरं. पहिली चिठ्ठी — ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे आधी जा, देवाला द्यायचं ते मग दे, अशा अर्थाची. परत टाकली. डबा हलवला. दुसरी — ऐकायला घाई कर, बोलायला करू नकोस. तीही परत. तिसरी निघाली ती कंठ फोडून ओरड, मागे हटू नकोस, अशी.

"बघा!" मी म्हटलं. "हे आलं मार्गदर्शन."

"चौथी काढ," पप्पा म्हणाले. "लॉटरीच लावलीयेस तर बंपर लागेपर्यंत काढ."

मम्मी हसली नाही. तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण लावून वर ठेवून दिला.

दुपारी ग्रुपमधल्या निलेशला मी चाचरत म्हटलं, "एकदा त्या बाईंना भेटून घ्यायचं का?" तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "क्या मैडम, अब चोर से पूछ के पर्चे बाँटेंगे?" सगळे हसले. मीही हसले. भैरवगढला जायला तेव्हाही वेळ होता...

संध्याकाळी टावर चौकात मी स्वतः पत्रकं वाटली. लोकांच्या हातात कोंबली. चाटवाल्याकडे रांगेत उभ्या असलेल्यांना, आइस्क्रीम खाणाऱ्यांना. माइकवर काकूंचं नाव घेतलं, लोकांकडून तीनतीनदा बोलवून घेतलं. रात्रीपर्यंत पत्रकाचा फोटो अख्ख्या शहराच्या फोनमध्ये.

सोमवारी शेडवर माणसं चालून गेली. आम्ही नव्हतो, पण हातात पत्रक आमचं होतं. कोणीतरी ओला माल रस्त्यावर ओढला. तिथे छापणाऱ्या बायकांना घरच्यांनी परत पाठवलं नाही. व्यापाऱ्यांनी ऑर्डरी काढून घेतल्या. शेड बंद.

आणि नाला? तसाच लाल. शेड बंद पडून आठवडा होत आला तरी लाल. मग पाइप कुठून येतो ते कोणीतरी खणून पाहिलं. तो काकूंचा नव्हताच. पलीकडच्या कारखान्याचा पाइप त्यांच्या जमिनीखालून नेलेला होता, तोंड तेवढं त्यांच्या भिंतीशी. काकूंचं पाणी आत त्यांच्याच टाकीत जात होतं. आत जाऊन कोणी बघितलं असतं तर लगेच दिसलं असतं. विचारलं असतं तरी कळलं असतं.

ग्रुपमध्ये निलेश म्हणाला, "आंदोलन में ऐसा होता है।" मीही मान हलवली. पप्पा प्रार्थनेनंतरची शांतता मात्र रोज जरा लांबवायला लागले.

ईस्टर झाल्यावर मी गेले. शेडवर कुलूप. शेजारी विचारलं तर त्यांनी पुढच्या गल्लीतलं काकूंचं घर दाखवलं. त्या गल्लीत मी कधीच गेले नव्हते, हे नीट वाचा. वळले आणि पाय थांबले. निळं दार. बंद होतं. बाजूला भिंतीशी एक वीट, तिच्या एका अंगाला पिवळा रंग.

काकूंनी दार उघडलं. साठीच्या, बारीक, डोक्यावर चष्मा चढवलेला. मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"आलीस? बरीच उशिरा आलीस गं."

मी पाठ करून गेलेली माफी म्हणायला लागले. त्यांनी हात वर केला. "बैठ आधी. एक सांग, त्या शनिवारी का नाही आलीस?"

"कुठल्या शनिवारी?"

"पर्चे वाटलेस ना चौकात, त्या दिवशी. मी पूर्ण दिवस वाट बघत होते तुझी."

"पण मी येणार असं... कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तेच तर! कोणीच नाही." त्या स्वतःवरच हसल्यासारखं हसल्या. "सकाळी देवापाशी बसले होते. असं एकदम वाटलं, एक मुलगी येणारे विचारायला, दार उघडं ठेव. म्हटलं, ती फोटो काढत फिरत होती तीच असेल, बरं झालं, टाकी दाखवून देते तिला. पोहे केले, वर शेव घालून झाकून ठेवले. दार हवेने सारखं आपटत होतं, तर शेडमधून वीट आणून लावली. सून म्हणाली पण, अहो आई, कोणाची वाट बघताय?" मग त्यांचं हसणं थांबलं. "संध्याकाळी नातवाने मोबाइल दाखवला. तेव्हा वीट काढली."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

"माफ तर मी केलं गं, त्याचं काय. पण माझ्या बायका परत कुठून आणू? भावाच्या घरच्या लग्नात लोक मला बघून कुजबुजत होते. ते कोण पुसणार?"

मग चूक कबूल करणारं पत्रक मी लिहिलं, माझ्या नावाने, आणि त्याच चौकात एकटी उभी राहून वाटलं. लोकांनी घेतलं आणि न वाचता त्यात भजी गुंडाळली. जुनं पत्रक अजून फिरतंय. शेडचं कुलूप अजून तसंच आहे.

पुरावा मागाल, मागाच. मीही मागितला स्वतःकडे. माझे सगळे फोटो तपासले, एकातही ती गल्ली नाही. दार आणि वीट मी आधी सांगितली होती, याला पप्पा-मम्मी साक्षीदार आहेत. निलेश म्हणतो योगायोग. असेल. मला उलगडा झालेला नाही. पण माझी झोप त्याने उडत नाही. उडते ती याने — की सांगितलं दोघींना होतं. माझ्या प्रभूचं नावही न घेणाऱ्या काकू उठल्या आणि पोहे करायला लागल्या. आणि बाप्तिस्मा झालेली, रोज आमेन म्हणणारी मी, मनासारखं उत्तर निघेपर्यंत डबा हलवत बसले.

म्हणून आता तुमच्याकडे मागणी आहे. सहानुभूती नको, कमेंट तर मुळीच नको. ते जुनं पत्रक तुमच्या फोनमध्ये असेल, तर ज्याने पाठवलं आणि ज्यांना तुम्ही पुढे पाठवलं, त्या प्रत्येकाला आज कळवा की ते खोटं आहे आणि ते मी लिहिलं होतं. आणि एखाद्या माणसाविरुद्ध तुम्ही आत्ता बोटं चालवायला निघाला असाल, तर तो फोन खाली ठेवा. त्याच्या घरी जा. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतेय. संध्याकाळ व्हायच्या आत जा. त्याने वीट लावून ठेवली असेल.