सुमनताईच्या वाइनची पंगत

भाच्याचा, अविनाशचा फोन आला तेव्हा मी देऊळगाव राजाच्या बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून पाहत होतो. "मामा, आई गेली..." दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. अशा वेळी माणसानं काय बोलावं? माझ्या तोंडून निघालं, "पोटभर जेवली होती ना?" तिकडे अविनाश रडता रडता हसला. माझ्या या थोरल्या बहिणीनं जन्मभर दुसऱ्यांना हेच विचारलं, मग तिच्याबद्दल मी वेगळं काय विचारणार!

अविनाशनं नोकरी सोडून घरच्या द्राक्षांची वाइन करायला घेतली, तेव्हा येणाऱ्यांना ती चाखता यावी म्हणून मळ्यात एक खोली बांधली. उभ्यानं चाखायची उंच टेबलं, खुर्च्या नाहीत, सगळं पुण्यात पाहून आला होता तसं. महिन्याभरात सुमनताईनं ते सामान बाहेर काढलं. "उभ्यानं पेतात का कुठी माणसं? ढोरं हायेत का?" मग सतरंज्या आल्या आणि पंगत सुरू झाली. समोर भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे. लांब दांड्याचे ग्लास सतरंजीवर कलंडायला लागले, तर तिनं जुन्या लुगड्याच्या इवल्या इवल्या चुंबळी करून त्यात एकेक ग्लास बसवला. आणि मग लग्नात मठ्ठा वाढावा तशी बाटली घेऊन ती रांगेतून फिरायची. पाहुण्यानं ग्लासवर हात ठेवून "पुरे" म्हटलं, की ती हात बाजूला सारून ओतणार. "घ्या हो, एवढुसं!" चाखणं म्हणजे घोटभरच, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मुंबईचे दोन इंजिनिअर त्या आग्रहापायी भरदुपारी लिंबाखाली आडवे झाले होते. अविनाशनं कपाळाला हात लावला, ताईनं त्यांच्या अंगावर चादर घातली.

स्वतः मात्र तिनं थेंबही कधी चाखला नाही. गळ्यात तुळशीची माळ होती. वाइन मुरायला ठेवलेल्या टाकीजवळ उभी राहून नुसत्या वासावरून "आणखी दोन दिस थांब" म्हणायची आणि ते बरोबर निघायचं. पण चव? ती दुसऱ्यांच्या तोंडूनच कळणार, आणि लोक तर गोडच बोलतात. पोरानं सगळं सोडून जे मांडलंय ते खरंच चांगलं आहे का, ही एक टोचणी तिला कायम होती. मला तर दर खेपेला धरायची. "तू तं खरं सांग रे. कशी लागते?" मी म्हणायचो, "उत्तम!" "तू माह्या करपलेल्या भाकरीलेबी उत्तमच म्हनतो."

एकदा अविनाशनं पुण्याहून वाइनच्या एका जाणकाराला बोलावलं. गृहस्थ पंगतीत मांडी घालून बसले, घोट घेतला, तोंडात घोळवला... आणि शेजारच्या भांड्यात थुंकून दिला. ताईचा चेहरा उतरला. ती तडक स्वयंपाकघरात गेली. "अविनाश, सारी टाकी ओतून दे. इतक्या वर्सांत यानं एकट्यानं खरं सांगतलं."

अविनाश समजावून थकला की हे लोक चांगली वाइनसुद्धा थुंकतात. ती ऐकेना. शेवटी पाहुणेच दारात आले. "आजी, मी दिवसभरात वीस-वीस वाइन चाखतो. सगळ्या गिळल्या तर घरी कसा जाणार? ते माझं काम आहे."

"काम झालं ना मंग? आता जेवाले बसा."

ते निमूट बसले. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ताई रांगेच्या दुसऱ्या टोकाला भाकरी वाढत होती, तेवढ्यात त्यांनी आपला रिकामा ग्लास उंच धरला. "आजी, ती मघाची आणखी द्या ना थोडी."

ताई पदर तोंडाला लावून हसत सुटली. पुढे कित्येक महिने भेटेल त्याला सांगायची, "तारीफ काय, पाहुना करतेच. त्यानं मांगून घेतली!" टाकी वाचली. माझ्या बहिणीला इतकं खूश मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

परवा मळ्यात गेलो. सतरंजी घातलेली होती. सुनबाईनं, रोहिणीनं ग्लास भरून दिला. तो संपला, ती पुन्हा बाटली घेऊन आली. मी सवयीनं ग्लासवर हात ठेवला, "पुरे, पुरे."

"बरं मामा," म्हणून रोहिणी पुढे गेली.

मी हात तसाच ठेवून बसलो... कोणी बाजूला सारलाच नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मी एकदाही मागून घेतली नव्हती. ताईनं तेवढी वेळच येऊ दिली नाही. म्हणजे ती जीव तोडून विचारत राहिली, आणि तिला पटेल असं उत्तर मी काही दिलं नाही.

मी हात काढला, ग्लास पुढे केला आणि आतल्या स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "रोहिणी, मले अजून दे वं."