मायनं एसटीनं पाठवलेलं पाणी

जाफराबादच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा माझ्या मांडीवर तीन महिन्यांची मुक्ता होती. मायनं माझ्या पायाशी आमच्या बोअरच्या पाण्याचा कॅन ठेवला. "पाणी बदललं की लेकराला बाधतं. वरच्या दुधात हेच घालीत जा."

कंडक्टर हसला. "मावशी, औरंगाबादला नळ न्हाईत का?"

"हायेत की. पर तुझ्या मायनं तुला हे पाजलं असतं, तर असा वाळका राह्यला नसता."

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. पण त्या बोअरचा अभिमान मलाही तेवढाच होता. गावातल्या विहिरी आटल्या तरी तो आटत नसे. गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांकडे घरून काही ना काही येत असेलच. माझ्याकडे दर आठवड्याला एसटीनं पाणी यायचं. मी ते चांगलं उकळून पावडरच्या दुधात घालायची. वर्षभर घातलं.

माझा धाकटा भाऊ दत्ता बोअर लागला त्याच साली जन्मला. मी आडाच्या पाण्यावर वाढले, तो बोअरच्या. दुधाचे दात पडून त्याचे नवे आले ते तपकिरी पट्ट्यांचे. चालताना गुडघे घासायचे. माय म्हणायची, अंगात उष्णता हाये, आणि त्याला आणखी पाणी पाजायची. तो म्हणायचा, "अक्का, माझे गुडघे एकमेकाला रामराम करून राह्यले."

कॉलेजसाठी तो माझ्याकडे आला, तेव्हा दाढ दुखते म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं. तोंडात बघून त्यांनी विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचा?" मग त्यांनीच समजावलं: खोल जमिनीतलं फ्लोराइड. बाळाचे पक्के दात हिरडीत घडत असतात, तेव्हाच ते त्यात बसतं. हाडांतही बसतं. उकळून जात नाही, उलट दाट होतं.

दत्ता त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या कडेवरच्या मुक्ताकडे बघत होता.

मायला फोनवर सांगितलं. "म्हंजी दत्तूला म्याच..." एवढंच म्हणाली. त्यानंतर कॅन आला नाही. मग आम्ही दोघी मुक्ताच्या पक्क्या दातांची वाट बघत राहिलो, वर्षानुवर्षं. उघड कधी बोललो नाही.

सातव्या वर्षी पहिला आला. मायचा फोन आला. "पांढरा हाये ना गं?"

"पांढराच आहे, माय."

खोटं नव्हतं ते. फक्त उन्हात बघितलं तर त्यावर खडूनं ओढल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. माहेर आता मला तिथं दिसतं, लेक हसली की.